दुसऱ्यांदा बँकरप्सी करायचीय, किती थांबायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कार्डाच्या कर्जावर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, की एकदा बँकरप्सी करून झालीय, आता परत गाडी अडलीय, तर परत करता येते का आणि कधी. नावं कुणाचीच छापत नाहीये. बहुतेक पत्रं अमेरिकेतली आहेत म्हणून तिथल्याच कायद्यावर बोलतेय, दोन महाराष्ट्रातनं आलीत ती शेवटी घेतलीत. मी वकील नाही, वकिलाच्या ऑफिसात बँकरप्सीचे पेपर तयार करते, त्यामुळे हे वाचून लगेच फाइल करायला धावू नका, पण वकिलासमोर बसाल तेव्हा तो काय विचारतोय आणि का विचारतोय ते कळेल. नवख्यांसाठी चार शब्द आधीच सांगते. बँकरप्सी म्हणजे दिवाळखोरी, आणि कोर्ट कर्ज माफ केल्याचा जो आदेश देतं तो डिस्चार्ज. चॅप्टर ७ म्हणजे हप्त्यांशिवायची माफी, चॅप्टर १३ म्हणजे काही वर्षं हप्ते भरून मग उरलेल्याची माफी, आणि ट्रस्टी म्हणजे केस तपासायला नेमलेला माणूस.

प्रश्न : ताई, आम्ही नोव्हेंबर २०१९ मध्ये चॅप्टर ७ फाइल केलं, डिस्चार्ज मार्च २०२० मध्ये मिळाला. नंतर ह्यांचा जॉब गेला, वर्षभर घर कार्डावर चाललं, आता २८ हजार डॉलर झालेत. कुणी सांगतं ७ वर्षं थांबा, कुणी ८, कुणी १०. खरं किती? (न्यू जर्सी)

८. चॅप्टर ७ नंतर परत चॅप्टर ७ मध्येच कर्जमाफी हवी असेल तर ८ वर्षं, आणि ती मोजायची फाइल केल्याच्या तारखेपासून पुढच्या फाइल करण्याच्या तारखेपर्यंत, डिस्चार्जच्या तारखेपासून नाही. हे इतके लोक चुकतात की काय सांगू, कारण डिस्चार्जचा कागद लोक जपून ठेवतात, फ्रेम करायची बाकी असते, आणि फाइल केल्याची नोटीस कुठेतरी खोक्यात गेलेली असते. तुमच्या बाबतीत नोव्हेंबर २०२७, मार्च २०२८ नाही. नेमका दिवस आठवत नसेल तर पेसर म्हणून कोर्टाची ऑनलाइन सिस्टिम आहे, पानाला १० सेंट लागतात, तिथे स्वतःच्या नावाने केस काढून बघा. अंदाजावर जाऊ नका, कारण दोन दिवस जरी आधी फाइल केलं ना, तरी केस चालते, फी जाते, ट्रस्टीसमोर मीटिंग होते, सगळं होतं आणि डिस्चार्ज तेवढा मिळत नाही.

आता बाकीचे आकडे कुठून आले ते सांगते. १० हा क्रेडिट रिपोर्टचा, चॅप्टर ७ रिपोर्टवर १० वर्षं दिसू शकतं, त्याचा परत फाइल करण्याशी काही संबंध नाही. ७ पण क्रेडिट रिपोर्टचाच, चॅप्टर १३ साधारण ७ वर्षांनी रिपोर्टवरनं जातं. आणि तुम्ही नाही लिहिलं पण ६ सांगणारेही असतात, ते जुने लोक, कारण २००५ च्या आधी चॅप्टर ७ ते चॅप्टर ७ ला ६ च वर्षं होती. २००५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा कडक केला, तो १७ ऑक्टोबरला लागू झाला आणि त्याच्या आधी फाइल करून घ्यायला एवढी झुंबड उडाली की त्या एका वर्षात देशभरात २० लाखांहून जास्त केसेस झाल्या.

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. हा ८ वर्षांचा आकडा फक्त ७ वरून ७ ला. ७ नंतर १३ करायचं असेल तर ४ वर्षं, आणि तुमची ती २०२३ च्या नोव्हेंबरलाच संपली, म्हणजे चॅप्टर १३ तुम्हाला आजही उघडं आहे, डिस्चार्जसकट. उलट बाजूने, आधी १३ झालेलं असेल आणि आता ७ हवंय तर ६ वर्षं, पण त्या १३ मध्ये कार्डवाल्या बिनतारण कर्जांचे सगळे पैसे दिले गेले असतील तर ही अट लागत नाही, आणि निदान ७० टक्के दिले असतील आणि प्लॅन प्रामाणिकपणे, होता होईल तेवढं जास्त देऊन केलेला असेल तरीही लागत नाही. १३ नंतर १३ ला २ वर्षं, आणि ते सुद्धा फाइल ते फाइल, आता चॅप्टर १३ चा प्लॅन मुळात ३ ते ५ वर्षांचा असतो, म्हणजे प्लॅन पुरा होईपर्यंत २ वर्षं कधीच उलटून गेलेली असतात.

मग १३ करावं का? माझं मत विचाराल तर नुसते फोन येत असतील तर घाई नको. एका पगारावर ५ वर्षं दर महिन्याला ट्रस्टीला हप्ता देणं बोलण्याइतकं सोपं नसतं, आणि मधेच हप्ते थकले तर काय होतं ते पुढच्या पत्रात बघा. पण कोर्टाचं समन्स आलं असेल तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका, उत्तर द्या, कारण उत्तर नाही दिलं की कार्ड कंपनीला आपोआप जजमेंट मिळतं आणि मग पगारातनं पैसे कापायला सुरुवात होते, फेडरल कायद्याने अशा कर्जासाठी हातात येणाऱ्या पगाराच्या जास्तीत जास्त २५ टक्के, काही राज्यांत त्याहून कमी. पगार कापला जायला लागला की १३ चा हप्ता स्वस्त वाटायला लागतो, तेव्हा तो विचार करायचा. आणि ह्या मधल्या काळात ‘नाहीतरी फाइल करायचंच आहे’ म्हणून कार्डावर टीव्ही, भारताची तिकिटं असं काही घेऊ नका, फाइल करायच्या आधीच्या ९० दिवसांतली चैनीची खरेदी आणि ७० दिवसांतला कॅश ॲडव्हान्स ठरावीक रकमेच्या वर गेला तर ते फसवणुकीचं कर्ज आहे असंच कायदा धरून चालतो.

प्रश्न : आमचं चॅप्टर १३ होतं, दीड वर्ष हप्ते भरले मग मला पाठीचं ऑपरेशन लागलं आणि हप्ते थकले, केस डिसमिस झाली, म्हणजे कोर्टाने मधेच काढून टाकली. आता घराचा शेरीफ सेल, म्हणजे लिलाव, लागलाय. नवीन केस करायला ८ वर्षं थांबायचं म्हणजे घर गेलंच ना?

नाही, आणि हे आधी नीट वाचा. ही ४ वर्षं ६ वर्षं ८ वर्षं जी वर सांगितली ती ज्यांना आधी डिस्चार्ज मिळालाय त्यांच्यासाठी. तुमची केस डिसमिस झाली, डिस्चार्ज मिळालाच नाही, म्हणजे ती वर्षं तुम्हाला लागूच नाहीत. तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला, १८० दिवसांची बंदी. ती सगळ्यांना नसते. कोर्टाचे आदेश मुद्दाम पाळले नाहीत किंवा तारखांना गेलातच नाहीत म्हणून केस काढून टाकली असेल, किंवा बँकेने ‘आम्हाला फोरक्लोजर, म्हणजे घराची जप्ती, पुढे नेऊ द्या’ असा अर्ज केल्यावर तुम्ही स्वतःहून केस मागे घेतली असेल, तर १८० दिवस नवीन केस करता येत नाही. ऑपरेशनमुळे हप्ते थकले हे मुद्दाम नाही, पण डिसमिसलच्या ऑर्डरवर काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा, कधी कधी जज त्याच ऑर्डरमध्ये वेगळी बंदी घालतो आणि लोक ते पान वाचतच नाहीत.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बँकरप्सी फाइल केली की त्या क्षणापासून जवळजवळ सगळी वसुली थांबते, शेरीफ सेलसुद्धा, ह्याला ऑटोमॅटिक स्टे म्हणतात आणि घर वाचवायला लोक फाइल करतात ते ह्याच्यासाठीच. पण मागच्या वर्षभरात तुमची एक केस डिसमिस झालेली असेल तर हा स्टे फक्त ३० दिवस टिकतो. पुढे चालू ठेवायचा तर वकिलाने अर्ज करायचा आणि त्याची सुनावणी ३० दिवसांच्या आत पुरी झाली पाहिजे, नुसता अर्ज टाकून भागत नाही. म्हणून केस फाइल केली त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी हा अर्ज जायला हवा, दोन आठवड्यांनी आठवलं तर कोर्टाची तारीख मिळत नाही. आणि सुनावणीत कोर्ट सुरुवातच संशयाने करतं, मागच्या प्लॅनचे हप्ते थकले म्हणजे ही केस वेळ काढायला केलीय असं धरतं, ते तुम्ही खोडून काढायचं. कसं? तेव्हापासून काय बदललं ते दाखवून. ऑपरेशनचे कागद, डॉक्टरने कामावर जायला दिलेलं पत्र, नव्या पगाराच्या स्लिपा, मुलगा कमावता झाला असेल आणि घरात पैसे देत असेल तर त्याचं लेखी. नुसतं ‘आता नक्की भरू साहेब’ म्हणून चालत नाही.

वर्षभरात दोन केसेस डिसमिस झाल्या असतील तर तिसऱ्या फाइलला स्टे मुळात लागतच नाही, तो मागून घ्यावा लागतो. म्हणून कुणी ‘सेलच्या आदल्या दिवशी कागद टाकून ठेवू, नंतर बघू’ असं सांगणारा एजंट भेटला, आणि असे भेटतात, देवळात पण भेटतात, तर त्याला लांबूनच नमस्कार करा. घाईत टाकलेली अर्धवट केस पुढच्या महिन्यात डिसमिस होते आणि तुमची एक संधी त्यात खर्ची पडते. सेल व्हायच्या आधी फाइल झालं पाहिजे हे खरंच, पण पूर्ण कागदांसकट.

आणखी एक, मागच्या वेळचं क्रेडिट काउन्सेलिंगचं, म्हणजे फाइल करण्याआधी घ्यायच्या कर्जाबद्दलच्या सल्ल्याचं, सर्टिफिकेट चालणार नाही. फाइल करायच्या आधीच्या १८० दिवसांतलंच लागतं, परत करा, ऑनलाइन होतं.

प्रश्न : माझे ८ वर्षं पुढच्या जूनमध्ये पुरे होतात. माझ्या बहिणीच्या यजमानांकडून १२ हजार डॉलर घेतले होते, निदान घरच्या माणसाचे तरी फाइल करायच्या आधी देऊन टाकावे असं वाटतं. कार्डवाल्यांचं काय व्हायचं ते होईल. (डॅलस)

मनाला पटतं तेच लिहिलंय तुम्ही आणि नेमकं तेच करायचं नाही. फाइल करायच्या आधीच्या एका वर्षात नातेवाईकाचं कर्ज फेडलं तर ट्रस्टी ती रक्कम नातेवाईकाकडून परत मागू शकतो. तुमच्याकडून नाही, भावजींकडून. म्हणजे तुम्ही जूनमध्ये फाइल करणार, मार्चमध्ये १२ हजार दिलेले, ऑगस्टमध्ये भावजींच्या दारात ट्रस्टीच्या वकिलाचं पत्र, पैसे द्या नाहीतर दावा लावतो. त्यांनी तोवर ते पैसे मुलीच्या कॉलेजला भरलेले असणार. ज्यांना जपायला गेलात तेच गोत्यात येतात, आणि मग बहिणीकडच्या गणपतीला कसं जायचं ते तुम्हीच ठरवा. बाहेरच्या माणसाला दिले तर मागचे ९० दिवसच बघतात, घरच्यांसाठी पूर्ण वर्ष, कारण सगळ्या देणेकऱ्यांना सारखं मिळायला हवं आणि घरच्यांना आधी कळतं हे कायद्याला पण माहितीय.

भावजींचं नाव देणेकऱ्यांच्या यादीत घालायचं. लाज वाटते, पण यादीत सगळी देणी लागतात, आवडत्यांना वगळता येत नाही. डिस्चार्ज मिळाल्यावर मात्र तुम्हाला स्वखुशीने त्यांना पैसे द्यायला कुणीही अडवत नाही, दर महिन्याला २०० डॉलर द्या, कायद्याला काही अडचण नाही. हे त्यांना आत्ताच बसून सांगा, कोर्टाची नोटीस पोस्टाने त्यांच्या घरी जाणार आहे, ती उघडून कळायला नको.

प्रश्न : पहिल्या वेळेला २०१६ मध्ये पुण्याचा फ्लॅट दाखवला नव्हता, वकिलाने विचारलंच नाही भारतातलं. आता परत फाइल करायचंय. दाखवायचा का? आणि गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर सगळ्या भावंडांची नावं आहेत, ती पण?

दाखवायचा, आणि फाइल करायच्या आधी ‘२०१६ मध्ये दाखवला नव्हता’ हे वाक्य जसंच्या तसं वकिलाला सांगायचं. मालमत्ता जगात कुठेही असो ती यादीत येते, पुण्याचा फ्लॅट, बँकेतली एफडी, पीपीएफ, लॉकरमधलं सोनं, सातबाऱ्यावरचा तुमचा हिस्सा, वाटणी झालेली नसली तरी. ‘ती तर आईच्या ताब्यात आहे’ हे ताब्याबद्दल झालं, हक्क तुमचा आहे ना, मग लिहायचा.

दुसऱ्यांदा फाइल करणाऱ्याला ह्यात जास्त धोका आहे तो असा. अर्जातच प्रश्न असतो की मागच्या ८ वर्षांत बँकरप्सी फाइल केली होती का, कुठे, कधी, केस नंबर काय. तुमची २०१६ ची त्याच्याही मागची आहे, पण ती केस कोर्टाच्या सिस्टिममध्ये आहे आणि ट्रस्टीला जुन्या आणि नव्या याद्या शेजारी शेजारी ठेवायला पाच मिनिटं लागतात. नव्या यादीत फ्लॅट आहे, खरेदीखत २०११ चं आहे, जुन्या यादीत फ्लॅट नाही. पुढचा प्रश्न काय येणार ते सांगायला नको. जुनी केस परत उघडली जाऊ शकते, न दाखवलेली मालमत्ता अजूनही त्या जुन्या केसचीच आहे असं म्हणता येतं. आणि आता परत लपवलात तर ह्या वेळचा डिस्चार्ज नाकारला जाऊ शकतो, आणि लपवाछपवीसाठी नाकारला गेला की ती सगळी कर्जं पुढच्या कुठल्याही चॅप्टर ७ मध्ये माफ होत नाहीत, मग ८ वर्षं थांबा नाहीतर १८. शपथेवर खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद, ते वेगळंच. वकिलाने विचारलं नाही हे खरं असेल, पण सही तुमची आहे, त्यामुळे ह्या वेळेला बँकरप्सीचाच अनुभव असलेला वकील बघा आणि आधी ह्या एका गोष्टीसाठी भेटा.

जमिनीबद्दल अजून एक. फाइल केल्यानंतर १८० दिवसांत कुणी वारलं आणि वारसाहक्काने तुम्हाला काही मिळायचा हक्क झाला, तर तो हिस्सा पण केसमध्ये येतो. घरात कुणी खूप आजारी असेल तर हे बोलायला वाईट वाटतं, पण वकिलाशी बोला.

प्रश्न : लग्नाआधी बायकोने एकटीने चॅप्टर ७ केलं होतं, ३ वर्षं झाली. मला आता करायचंय. तिची वर्षं मला लागतात का?

नाही. ज्याची केस त्याची वर्षं. तुम्ही एकट्याने फाइल करू शकता, फक्त तिचा पगार घरात येतो म्हणून मीन्स टेस्टच्या, म्हणजे चॅप्टर ७ ला बसता का ते उत्पन्नावरून बघायच्या, हिशोबात तो दाखवावा लागेल. दोघांच्या नावावरचं एखादं कार्ड असेल आणि ते तिच्या केसनंतर काढलेलं असेल तर तुमच्या डिस्चार्जनंतर कंपनी तिच्याकडे जाणार, ते धरून चाला.

प्रश्न : दोनदा बँकरप्सी केली तर ग्रीन कार्ड अडतं का? एच-वन-बी वर असताना करता तरी येते का?

करता येते, त्यासाठी नागरिक असायची अट नाही, इथे राहत असाल किंवा इथे मालमत्ता असेल तरी पुरतं. आणि नुसत्या बँकरप्सीने, एक काय नि दोन काय, ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप अडत नाही. अडतं ते फसवणुकीने, बुडवलेल्या टॅक्सने, कोर्टाने ठरवलेले मुलांच्या खर्चाचे पैसे न दिल्याने. त्यातले मुलांच्या खर्चाचे पैसे तर कुठल्याही बँकरप्सीत माफ होत नाहीत.

प्रश्न : मुलीच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी इथल्या बँकेतून कर्ज काढलं, मी जामीन आहे, घर तारण आहे. तिचा जॉब गेला, ती म्हणते बाबा मी तिकडे बँकरप्सी करते म्हणजे सुटू. सुटतो का आम्ही? (सांगली)

काका, नाही. तिकडचा डिस्चार्ज फक्त मुलीला संरक्षण देतो, जामीनदाराला नाही, हे अमेरिकेतल्या अमेरिकेत सुद्धा असंच आहे. आणि शिक्षणाचं कर्ज तिथे सहजी माफ होत नाही, त्याच्यासाठी त्या केसमध्ये वेगळा दावा लावून प्रचंड हालअपेष्टा सिद्ध कराव्या लागतात. वर तुमची बँक सांगलीची, तारण सांगलीचं, कर्जाचे कागद भारतातले, अमेरिकेच्या कोर्टाच्या ऑर्डरने बँकेचा तुमच्या घरावरचा हक्क काही जात नाही. बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण ताब्यात घेऊन विकायच्या कायद्याखाली, नोटीस पाठवते, त्या नोटिशीत ६० दिवस असतात, आणि ती यायच्याही आधी ब्रँचमध्ये जाऊन हप्ते पुढे ढकलायचं किंवा मुदत वाढवायचं लेखी मागा. मुलीला सांगा, तिच्या कार्डांसाठी बँकरप्सी करायची असेल तर ते तिचं तिने ठरवावं, पण हे कर्ज त्यात सुटणार म्हणून करू नकोस.

प्रश्न : मग आपल्याकडे माझ्यासारख्या नोकरदाराला दिवाळखोरी करता येते का, आणि किती वेळा? ॲपचं कर्ज आणि दोन कार्डं मिळून ६ लाख झालेत. (नाशिक)

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत माणसांसाठी पूर्ण भाग लिहून ठेवलाय, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. साध्या पगारदाराला नाही. त्यात छोट्या कर्जदारांसाठी जी नवी सुरुवात म्हणून योजना लिहिलीय तिच्या अटी बघा, वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, स्वतःचं घर नको, आणि आधीच्या १२ महिन्यांत असा आदेश घेतलेला नसावा. म्हणजे परत करायला तिथे १२ महिनेच, पण तिथवर पोचणार कोण, आणि ही योजना लागूही झालेली नाही.

तुम्हाला उरतो तो इंग्रजांच्या वेळचा कायदा, मुंबईसाठी १९०९ चा, बाकी जिल्ह्यांसाठी १९२० चा, ज्यात अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपये हवं अशी अट अजून लिहिलेली आहे. जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करता येतो, कोर्टाने नादार ठरवलं की डिस्चार्जसाठी ठरावीक मुदतीत परत अर्ज करावा लागतो, तो नाही केला तर नादारीच रद्द होते, आणि तशी रद्द झाली की पुन्हा अर्ज करायला आधी कोर्टाची परवानगी लागते. अमेरिकेसारखं मोजून ८ वर्षं असं नाही तिथे, मुख्य वाट ह्या परवानगीवर अडते.

६ लाखांसाठी मी तरी आधी त्या वाटेला जाणार नाही. कार्डवाल्या बँकांना लेखी सेटलमेंट मागा, जे ठरेल ते पैसे भरायच्या आधी पत्रावर घ्या, आणि भरल्यावर नो ड्यूज. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील, ऑफिसात नाहीतर नातेवाईकांना फोन लावत असतील तर कॉलची वेळ लिहून ठेवा, स्क्रीनशॉट ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही. ॲप कुठल्या नोंदणीकृत कंपनीतर्फे कर्ज देतंय ते मात्र आधी शोधा, कंपनीचं नावच सापडत नसेल तर ती तक्रार सायबर पोलिसांकडे.